सर्पांची ‘शीतनिद्रा’ आणि त्यांचा आहार : एक संज्ञाविचार

साप हिवाळ्यात झोपतो आणि साप दूध पितो, ही दोन विधाने मराठी भाषकाच्या मनात इतकी दृढमूल झाली आहेत की त्यांची सत्यता तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. पहिल्या विधानाला ‘शीतनिद्रा’ या शास्त्रीय वळणाच्या शब्दाने प्रतिष्ठा दिली आहे, तर दुसऱ्याला ‘सापाला दूध पाजणे’ या वाक्प्रचाराने. पहिले विधान अर्धे खरे आहे. दुसरे संपूर्ण खोटे आहे. शब्दांच्या सत्यासत्यतेचा निर्णय भाषेच्या अभ्यासकाने करावयाचा नसतो, तो त्या त्या शास्त्राचा अधिकार होय, हे मान्य केले तरी प्रस्तुत विषयात एक वेगळी अडचण आहे. येथे शब्द केवळ वर्णन करीत नाही, तो आचरणाला वळण लावतो. सापाला ‘निद्रा’ लागली आहे असे समजणारा मनुष्य त्याच्यापुढे पाणी ठेवीत नाही, आणि साप दूध पितो असे समजणारा मनुष्य त्याच्यापुढे दुधाची वाटी ठेवतो. दोन्ही प्रकारांत प्राणी मरतो. म्हणून या शब्दांची छाननी करणे हा केवळ कोशकाराचा उद्योग राहत नाही.

सापाच्या उपासासंबंधी आपल्या पूर्वजांचे निरीक्षण मोठे मार्मिक होते. अमरकोशाच्या पातालभोगिवर्गात सर्पाचे जे पर्याय दिले आहेत, त्यांत ‘पवनाशन’ आणि ‘बिलेशय’ असे दोन शब्द येतात. पवनाशन म्हणजे वारा खाऊन राहणारा. बिलेशय म्हणजे बिळात निजणारा. साप खरोखर वारा खातो असे मानण्याचे कारण नाही; परंतु आठवडेच्या आठवडे, प्रसंगी महिनोन् महिने, तो काहीही न खाता राहतो आणि तरी मरत नाही, हे ज्याने पाहिले त्याला दुसरा कोणता शब्द सुचणार? सस्तन प्राणी आपल्या अन्नाचा फार मोठा भाग शरीर उबदार ठेवण्यातच खर्च करतो. साप हा खर्च करीत नाही. शरीरात उष्णता निर्माण करून ती टिकविण्याऐवजी तो ऊन, तापलेला दगड, जमिनीची ऊब यांतून ती उसनी घेतो. त्यामुळे त्याच्या आकाराच्या घुशीला किंवा मुंगसाला जेवढे अन्न लागते, त्याच्या अत्यल्प अंशावर त्याचे भागते. ‘पवनाशन’ हा शब्द या अर्थाने एका शारीरिक सत्याचे काव्यमय टिपण आहे. मात्र उसन्या उष्णतेवर जगणाऱ्या प्राण्याची दुसरी बाजू अशी की ही उष्णता मिळेनाशी झाली म्हणजे त्याचे सर्वच व्यापार मंदावतात, आणि त्यांत पचनाचा व्यापार सर्वांत आधी अडतो. पुढील सर्व विवेचनाची किल्ली या एका गोष्टीत आहे.

आता ‘शीतनिद्रा’ या शब्दाकडे वळू. हा शब्द इंग्रजीतील ‘हायबर्नेशन’चा प्रतिशब्द म्हणून रूढ झाला. मूळ शब्दात मात्र निद्रा कोठेच नाही. लॅटिन ‘हिबेर्नुस’ म्हणजे हिवाळ्यासंबंधीचा. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ केवळ ‘हिवाळा काढणे’ एवढाच, आणि रोमन सैन्य छावणीत हिवाळा काढी त्यालाही तेच क्रियापद लावीत. गंमत अशी की या लॅटिन शब्दाचे आणि आपल्या ‘हिवाळा’ शब्दाचे मूळ एकच आहे. संस्कृत ‘हिम’ आणि ‘हेमन्त’, लॅटिन ‘हिएम्स’, ग्रीक ‘खेइमा’ हे सारे शब्द एकाच इंडो-युरोपीय धातूची अपत्ये होत. ‘हिम’पासून प्राकृतातून मराठीत ‘हिंव’ आले, ‘हिमकाल’पासून ‘हिवाळा’ आला. म्हणजे प्रतिशब्द घडविणाऱ्यांनी दूर न जाता घरातलाच शब्द घेतला असता, तर ‘हिवाळा काढणे’ हे साधे मराठी रूप मुळाशी अधिक प्रामाणिक ठरले असते. ‘निद्रा’ हा शब्द आपण पदरचा घातला. कोशवाङ्मयात याच अर्थी ‘शीतनिष्क्रियता’ अशीही संज्ञा आढळते. ती काहीशी बोजड असली तरी निद्रेचा आरोप करीत नाही, एवढा तिचा गुण निश्चित मानावा लागेल.

पाश्चात्त्य प्राणिशास्त्रज्ञांनाही सरीसृपांच्या बाबतीत ‘हायबर्नेशन’ हा शब्द पुरेसा नेमका वाटला नाही. खार किंवा वटवाघूळ यांसारखा सस्तन प्राणी हिवाळ्यात जेव्हा निश्चेष्ट होतो, तेव्हा तो आपल्या शरीराचे तापमान स्वतः खाली आणतो आणि योग्य वेळी स्वतःच वर चढवितो. त्या अवस्थेवर त्याचे आतून नियंत्रण असते. सापाचे तसे नाही. भोवतालचे तापमान उतरले की त्याचेही उतरते, आणि मध्येच एखादा उबदार दिवस आला तर तो हालचाल करतो, बिळाच्या तोंडाशी येतो, पाणी पितो. हा भेद दाखविण्यासाठी अमेरिकन शास्त्रज्ञ विल्बर मेह्यू यांनी १९६५ साली, कॅलिफोर्नियातील एका वाळवंटी शिंगाळ्या सरड्याचा अभ्यास करताना, ‘ब्रुमेशन’ हा नवा शब्द सुचविला. लॅटिन ‘ब्रुमा’ म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवस, दक्षिणायनाचा अंत, आणि लक्षणेने हिवाळा. हा शब्द सर्वमान्य झाला असे नाही. अनेक प्राणिशास्त्रज्ञ जुन्याच शब्दावर समाधानी आहेत. परंतु साप पाळणाऱ्यांच्या व्यवहारात तो पूर्णपणे रुळला आहे. (योगायोगाची गोष्ट म्हणजे मुंबईच्या हाफकिन संस्थेत सर्पांवर काम केलेल्या पी. जे. देवरस यांचे भारतीय सर्पांवरील इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले ते याच १९६५ साली.)

मराठीत या ‘ब्रुमेशन’साठी वेगळा शब्द हवा काय? हवा असेल तर तो शोधण्यासाठी संस्कृत धातुपाठ चाळण्यापूर्वी शेतकऱ्याची बोली ऐकावी हे बरे. ‘थंडीनं साप गारठलाय’ असे वाक्य कोल्हापूरच्या आसपास कोणत्याही खेड्यात सहज उच्चारले जाते. ‘गारठणे’ या क्रियापदात निद्रा नाही. बाहेरच्या थंडीने अंग आखडणे, हालचाल जड होणे, आणि ऊब मिळताच पूर्ववत होणे, एवढाच अर्थ आहे. सापाच्या शरीरात जे घडते त्याचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. गारठलेला मनुष्य झोपलेला नसतो हे जसे कोणास सांगावे लागत नाही, तसे गारठलेला साप झोपलेला नसतो हेही सांगावे लागले नसते. ‘शीतनिद्रा’ हा शब्द रूढ झाल्यामुळे ते आता सांगावे लागते.

हे सांगणे किती आवश्यक आहे याचे प्रत्यंतर याच जिल्ह्यात दर हिवाळ्यात येते. कोल्हापूरच्या परिसरात उसाची तोड साधारणतः कार्तिकाच्या सुमारास सुरू होते आणि फाल्गुनाच्या आसपास संपते. म्हणजे तोडीचा हंगाम आणि हिवाळा हे जवळजवळ एकच होत. उसाच्या दाट सावलीत आणि पाचटाच्या थराखाली उंदरांची वस्ती असते, आणि उंदरांच्या मागावर घोणस तेथे आलेली असते. ‘थंडीत साप झोपलेले असतात’ या समजुतीवर विसंबून जो अनवाणी पायाने पाचट तुडवितो, त्याची ही समजूत प्राणांवर बेतते. घोणशीचा समागमाचा काळ हिवाळ्यातच येतो, आणि त्या दिवसांत ती निष्क्रिय तर नसतेच, उलट नर मादीच्या शोधात हिंडत असतो. पहाटेच्या गारठ्यात तिची हालचाल मंद असेल, पण पायाखाली आलेली मंद घोणसही चावते. शिवाय तोडीमुळे आसरा नाहीसा झाला म्हणजे साप उघड्यावर येतो तो याच दिवसांत.

याचे मूळ कारण हवामानात आहे. कोल्हापूरला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान सामान्यतः १४-१५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. परंतु त्याच दिवशी दुपारी ते २९-३० अंशांवर जाते. ज्या प्राण्याला दिवसातून पाच-सहा तास पुरेसे ऊन मिळते त्याला महिनोन् महिने गारठून पडण्याचे कारणच नाही. तो पहाटे बिळात राहतो, दहा वाजता बांधावर ऊन खातो, आणि अंग तापले की आपल्या उद्योगाला लागतो. येथील सापांचे वर्ष थंडीपेक्षा पावसावर अधिक बेतलेले आहे. पाऊस आला की बेडूक येतात, आणि बेडकांवर जगणाऱ्या सापांचे सुगीचे दिवस सुरू होतात. पावसाळा संपला, डबकी आटली, की आहार तुटपुंजा होतो. येथे सापाच्या उपवासाचे कारण पुष्कळदा थंडी नसून दुष्काळ असते.

खऱ्या अर्थाने ‘हिवाळा काढणारा’ साप पाहावयाचा असेल तर उत्तर अमेरिकेकडे वळावे लागेल. तेथे ‘गार्टर’ नावाने ओळखला जाणारा एक सडपातळ, बिनविषारी म्हणण्याइतका निरुपद्रवी साप सर्वत्र आढळतो. अंगावर लांबीच्या दिशेने तीन फिकट पट्टे असतात. मोजे घसरू नयेत म्हणून पायाला बांधावयाच्या पट्टीवरून त्याला हे नाव पडले. अमेरिकेत आणि कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या परसातही हा साप सहज येतो, आणि तेथील मुले तो हौसेने पाळतात. त्याला मराठी नाव नाही. सुश्रुताच्या कल्पस्थानातील ‘राजिमंत’ म्हणजे रेघा असलेला हा शब्द येथे योजण्याचा मोह होईल. परंतु सुश्रुताने राजिमंतांची गणना विषारी सर्पांत केली असल्याने तो शब्द अनर्थकारक ठरेल. त्यापेक्षा नात्याचा आधार घ्यावा. आपल्याकडे शेताच्या बांधावर, गवतात, विहिरीच्या काठी दिसणारी नानेटी ही गार्टरच्याच उपकुलातील आहे. तपकिरी अंग, पाठीवर दोन पिवळसर पट्टे, बेडकांवर उपजीविका, स्वभाव इतका गरीब की हातात घेतली तरी सहसा चावत नाही. लिनीअसने १७५८ साली दोघांनाही शास्त्रीय नावे दिली. नानेटीला त्याने दिलेले ‘स्टोलाटस’ हे नाव रोमन गृहिणीच्या ‘स्टोला’ नामक पायघोळ वस्त्रावरून आले आहे. एकीला लुगडे आणि दुसऱ्याला मोज्याची पट्टी, असा हा वस्त्रप्रावरणांचा संबंध आहे. दोघांत महत्त्वाचा भेद एवढाच की नानेटी अंडी घालते आणि गार्टर जिवंत पिल्ले देतो. थंड प्रदेशात अंडी जमिनीत उबविण्यापेक्षा मादीने ती पोटात बाळगून उन्हात हिंडणे हे अधिक सोयीचे असते.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेगच्या उत्तरेस, नार्सिस नावाचे एक ठिकाण आहे. तेथील चुनखडीच्या खडकात खोल भेगा आहेत, आणि त्या भेगांत दर हिवाळ्यात हजारो गार्टर एकत्र जमतात. बाहेर तापमान शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरते. खाली, जमीन गोठण्याच्या पातळीच्या पलीकडे, ते शून्याच्या वर राहते. येथे थंडी आणि गोठणे यांतील भेद ध्यानात घ्यावा. सापाला थंडी सोसते, दीर्घकाळ गोठणे सोसत नाही. १९९९ च्या कडाक्याच्या थंडीत नार्सिस येथे हजारो साप मेले. एप्रिलच्या अखेरीस बर्फ वितळू लागले की आधी नर बाहेर येतात, मागाहून माद्या. आणि एकेका मादीभोवती अनेक नरांचा गुंता होतो. हा देखावा पाहण्यासाठी लोक दुरून येतात.

या सापांच्या बाबतीत थंडीचे प्रयोजन केवळ कठीण काळ निभावून नेणे एवढेच नाही. डेव्हिड क्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की नार्सिसच्या जातीतील नराची प्रणयचेष्टा त्या वेळच्या पुरुष-संप्रेरकाच्या प्रमाणावर अवलंबून नसते. तिला चालना मिळते ती दीर्घ थंडीनंतर येणाऱ्या उबेने. शुक्रनिर्मिती आदल्या उन्हाळ्यातच झालेली असते. हिवाळा हा त्या दोहोंमधील आवश्यक दुवा होय. म्हणून ज्यांना बंदिवासात या सापांची वीण करावयाची असते ते त्यांना मुद्दाम हिवाळा देतात. ज्यांना वीण करावयाची नाही त्यांनी तो दिलाच पाहिजे असे नाही. वर्षभर उबेत ठेवलेला गार्टर नीट जगतो. मात्र काही साप, विशेषतः पूर्ण वाढलेले नर, पिंजऱ्यात ऊब असूनही दिवस लहान होताच खाणे सोडतात. त्यांच्याशी हट्ट करण्यात अर्थ नसतो.

हिवाळा द्यावयाचा तो कसा, हे सांगताना मराठीत दोन उत्तम शब्द तयार आहेत: लंघन आणि पारणे. थंडीपूर्वी लंघन अनिवार्य आहे. गार्टर २८ ते ३२ अंशांच्या आसपास अंग तापवून अन्न पचवितो. तापमान उतरले की पाचक रसांचे कार्य थांबते, पण अन्न कुजविणारे सूक्ष्म जंतू थांबत नाहीत. पोटात अन्न राहिले तर ते सडते आणि साप आतून विषबाधा होऊन मरतो. यासाठी शेवटच्या आहारानंतर सुमारे दोन आठवडे त्याला पूर्ववत उबेत ठेवावे, पण काही खावयास देऊ नये, म्हणजे आतडे रिकामे होते. त्यानंतर ऊब हळूहळू कमी करीत, काही दिवसांच्या अंतराने, सुमारे १० अंशांपर्यंत आणावी. चार अंशांखाली जाऊ देणे धोक्याचे, आणि १५ ते २० अंशांच्या दरम्यान दीर्घकाळ ठेवणे हेही, निराळ्या कारणाने, धोक्याचे. या मधल्या तापमानात साप पुरता गारठत नाही. त्याचा अंतर्गत खर्च चालू राहतो, आणि पचनाला लागणारी ऊब मात्र मिळत नाही. खर्च आहे, आवक नाही, अशा संसाराचे जे होते ते त्याचे होते. कोल्हापूरच्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत, ऊन न मिळणाऱ्या पेटीत कोंडलेल्या सापाची हिवाळ्यात नेमकी हीच दशा होते. बाहेर त्याच रात्रीनंतर त्याला दुपारचे ऊन मिळाले असते. पेटीत ते मिळत नाही.

आठ ते बारा आठवड्यांच्या या काळात अंधार आणि शांतता असावी. पाणी मात्र सतत असावे. ‘निद्रा’ या शब्दाने सर्वाधिक हानी केली आहे ती येथेच. झोपलेल्याला पाणी कशाला, असा तर्क सहज होतो. परंतु गारठलेला साप मधून मधून उठून पाणी पितो, आणि या काळात मरणारे साप पुष्कळदा भुकेने नव्हे तर शुष्कतेने मरतात. आजारी, कृश किंवा जंतग्रस्त सापाला हिवाळा मुळीच देऊ नये. ज्याच्या अंगी चरबीचा साठा नाही त्याचे लंघन हे लंघन नसून उपासमार होय. आरंभी वजन करून ठेवावे आणि अधूनमधून ताडून पाहावे. निरोगी सापाचे वजन या काळात फारच थोडे घटते; ते लक्षणीय घटू लागले तर हिवाळा तेथेच संपवावा.

आहाराचा विचार करताना ‘साप उंदीर खातो’ हे सामान्य विधानही तपासून घ्यावे लागते. धामण, घोणस, नाग यांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. गार्टर आणि नानेटी यांची सृष्टी वेगळी: गांडुळे, बेडूक, लहान मासे. बंदिवासात गार्टरला लहान उंदरांच्या पिलांची सवय लावता येते आणि ते परिपूर्ण अन्नही ठरते. परंतु अनेक जण गांडुळे व मासे यांवरच भागवितात, आणि तेथे दोन खाचखळगे आहेत. पहिला गांडुळांचा. गांडूळखतासाठी महाराष्ट्रातही सर्रास वापरले जाणारे ‘आयसेनिया फेटिडा’ हे तांबडे गांडूळ डिवचले असता दुर्गंधी द्रव सोडते, आणि त्या द्रवातील एक प्रथिन पृष्ठवंशी प्राण्यांना अपायकारक असते. खताच्या खड्ड्यातील गांडूळ सापाला घालणे म्हणजे, सद्हेतूने का होईना, त्याला विष घालणे होय. दुसरा खाचखळगा माशांचा. गोल्डफिश, कार्प यांसारख्या काही माशांच्या शरीरात थायमिनेझ नावाचे एक विकर असते. ते ‘ब१’ जीवनसत्त्वाचा नाश करते. केवळ अशा माशांवर पोसलेल्या सापाला काही काळाने झटके येऊ लागतात, उताणा केला असता त्याला पालथे होता येत नाही, आणि अखेर तो मरतो. पॉलिशच्या तांदळावर जगणाऱ्या माणसाला बेरीबेरी होते तिचेच हे भावंड. मासा उकळून घेतल्यास हे विकर नष्ट होते. नार्सिसच्या सापाला हे ज्ञान लागत नाही, कारण तो एकाच प्रकारच्या अन्नावर जगत नाही.

आणि दूध? दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न आहे. सापाला आई असते, पण तिला स्तन नसतात; दुधातील शर्करा पचविणारे विकर त्याच्या शरीरात असण्याचे कारणच नाही. तरीही नागपंचमीला नाग दूध पिताना लोकांनी पाहिला आहे, हे कसे? गारुडी त्याला दिवसेंदिवस तहानलेला ठेवीत असे, हे त्याचे उत्तर. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी समोर येईल तो द्रव पितो. तो दूध पीत नाही, दुधातले पाणी पितो. पाजताना ते श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसांचा विकार जडतो. न गेले तर आतड्याचा. दुधाने सापाचे विषच वाढते अशा आशयाचे संस्कृत सुभाषित सर्वांना परिचित आहे. कृतघ्नाविषयीचा दृष्टान्त म्हणून त्याची किंमत कोणीही कमी लेखणार नाही; पण दुधाने वाढते ते सापाचे विष नव्हे, त्याचे मरण. वाक्प्रचार तसाच राहिला तरी हरकत नाही. ‘बगळ्याचे ध्यान’ म्हणताना बगळा खरोखर ध्यान करतो असे कोणी मानीत नाही. सापाच्या दुधाच्या बाबतीत मात्र लोक वाक्प्रचाराला शब्दशः प्रमाण मानीत आले, हा फरक आहे.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी येथे आठवल्याशिवाय राहत नाही. तेथे सणापूर्वी शेताशिवारांतून नाग पकडून मडक्यांत ठेवण्याची आणि पूजेनंतर पुन्हा सोडून देण्याची परंपरा होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली जिवंत नागांच्या वापरास मनाई केली. २०२५ साली केंद्र शासनाने प्रबोधनाच्या हेतूने मोजके नाग पकडण्यास मर्यादित अनुमती दिली. श्रद्धा आणि कायदा यांच्या या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. नानेटीच्या बाबतीत मात्र वादाला जागाच नाही: ती किंवा अन्य कोणताही देशी साप पकडून घरी बाळगणे हा अपराध आहे. हिवाळ्यात बांधावर गारठलेली नानेटी सापडली, तर तिला ‘झोपलेली’ समजून डब्यात घालून घरी आणू नये, आणि ‘मेलेली’ समजून ठेचूही नये. ऊन चढले की ती आपोआप निघून जाते.

गार्टरचा हिवाळा संपविण्याची रीत तो सुरू करण्याच्या रीतीच्या नेमकी उलट आहे. ऊब टप्प्याटप्प्याने वाढवावी. एकाएकी दिव्याखाली आणून ठेवू नये. नेहमीच्या तापमानाला आल्यावर दोन-तीन दिवस नुसते पाणी द्यावे. साप ऊन खात बसू लागला, जीभ लवलवू लागला, म्हणजे पारण्याची वेळ झाली असे समजावे. एकादशीचा उपवास सोडणारा मनुष्य द्वादशीला एकदम पुरणपोळीवर तुटून पडत नाही, तसेच हे पारणेही हलके असावे: एखादे लहान गांडूळ किंवा माशाचा तुकडा, नेहमीच्या घासाहून लहान. ते पचून विष्ठा पडली की दुसरा घास थोडा मोठा द्यावा. माद्या सहसा लवकर खाऊ लागतात. नर मात्र कित्येकदा आठवडा दोन आठवडे अन्नाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्या दिवसांत त्यांचे लक्ष अन्यत्र असते. ते आजारी नसतात. काही दिवसांनी ते खाऊ लागतात, आणि बहुधा त्यानंतर लवकरच कात टाकतात.